सरांनी रंगवलेला नंदी

वानखडे सर संग्रहालयाचं कुलूप उघडायचे, चपला दाराशी काढायचे आणि उंबरा ओलांडण्याआधी मोठ्यानं खोकायचे. आत कुणीही नसायचं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीले काय धाड भरली?" ते म्हणाले. "लोकायच्या घरात शिरून राह्यलो आपण. आवाज द्या लागते."

त्या तीन खोल्यांमधली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी कुणाच्या तरी घरची होती आणि इथं नुसती राहायला आली होती. जात्यावर कुणी हात टेकला तर ते रागवायचे नाहीत. "सावकाश, जिजाबाईचं आहे," एवढंच म्हणायचे, जणू जिजाबाई पलीकडच्या खोलीत झोपल्या आहेत. सरांबद्दल कुणी विचारलं की मी हे खोकण्याचं आधी सांगते. पुढचं सांगायला लाज वाटते. ती लाज त्यांची आहे की ती पाहावी लागल्याची माझी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या गावी मी आठ महिन्यांसाठी गेले होते. संग्रहालयाला पन्नास वर्षं होत होती आणि कायमच्या संग्रहातून निवडक वस्तू घेऊन एक प्रदर्शन मांडायचं होतं. मी बडोद्याला याच विषयाचं शिक्षण घेतलं होतं, मूळची यवतमाळची होते, म्हणून मला बोलावलं. माझी शाळा इंग्रजी. घरी मराठी बोलतो, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की मी आधी मनात वाक्य जुळवते आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. सरांनी हे पहिल्या आठवड्यातच ओळखलं. काही विचारलं की ते खिडकीबाहेर पाहत थांबायचे, घाई नसल्यासारखे. माझं वाक्य आलं की वळायचे आणि म्हणायचे, "हां, बोल बेटा."

सर भूगोलाचे शिक्षक. नोकरीत असतानाच त्यांनी आणि त्यांच्या तीन-चार मित्रांनी सायकलवर गावोगाव फिरून हा संग्रह जमवला होता. मित्र एकेक करून गेले. सर उरले, संग्रहालयाचे मानद अभिरक्षक म्हणून. या पदाचा उच्चार करताना ते स्वतःच हसायचे. वस्तू जमवायची त्यांची एक पद्धत होती. ढाणकीच्या एका घरी तांब्याचं घंगाळ होतं. सर तिथं वर्षानुवर्षं जात राहिले. मागितलं कधीच नाही. चहा घ्यायचा, घंगाळावरच्या हातोडीच्या खुणांकडे पाहायचं, "काय ठोके आहे बाप्पा!" म्हणायचं आणि उठायचं. शेवटी त्या घरची म्हातारीच कंटाळली. म्हणाली, "मास्तर, हे घंगाळ घेऊन जा, अन् आमचा चहा वाचवा."

"पण मी मांगतलं नाही, बरं," सर बोट वर करून सांगायचे. "त्याईनं देल्लं."

पाट्यांवरून आमचं भांडण झालं, म्हणजे जेवढं माझ्याशी होऊ शकतं तेवढं. सरांचं अक्षर फार सुंदर होतं आणि प्रत्येक वस्तूपाशी त्यांनी स्वतः पाटी लिहून लावली होती. 'गंगूबाई राऊत यांची सांडशी. हिनं त्यांचा हात कधी भाजू दिला नाही.' मी प्रदर्शनासाठी नमुन्याची पाटी करून दाखवली: 'सांडशी. लोखंड. विसावं शतक.' सरांनी ती चष्मा वर करून वाचली, मग चष्मा खाली करून वाचली.

"हे तर पोलिसात मुद्देमाल जमा केल्यासारखं वाटते," ते म्हणाले.

मी म्हटलं की पाहणाऱ्याला आधी वस्तू काय आहे ते कळायला हवं.

"सांडशी आहे हे पोट्ट्यायलेबी दिसते. नाव पहिले. वस्तू मंग. अन् नाव माहीत नसन तर आपण ते आणलंच काहून?"

शेवटी ठरलं की नाव आणि त्यांचं वाक्य वर, आणि माझं लोखंड खाली बारीक अक्षरांत. मला ते पटलं नव्हतं. पण आठवडाभरात एक माणूस बोरी अरबहून आला, आपल्या आजोबांच्या तिफणीसमोर उभा राहिला, पाटी मोठ्यानं वाचली, परत वाचली, आणि कुणाशी न बोलता निघून गेला. सर मागून म्हणाले, "भेटाले आलता."

तिसरी खोली नंद्यांची होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी नंदी सजवून घेऊन निघतात, घरोघरी त्यांना बोजारा म्हणजे खाऊ-खुशाली मिळते. संग्रहालयातले नंदी सागवानाचे, चाकांचे, काही गुडघ्याएवढे आणि काही छातीपर्यंत येणारे. सरांनी एक रिवाज पाडला होता: ज्या घरानं नंदी दिला, ते घर त्या एका दिवसापुरता तो परत नेऊ शकत असे. संध्याकाळी नंदी परत यायचे ते कपाळावर हळदकुंकू, शिंगांना बेगड आणि चाकांना चिखल घेऊन. मी शिकले त्या विद्येत याला सरळ नकार होता. सरांना मी तसं सांगितलं.

"वर्षभर उभा राह्यते बिचारा," ते म्हणाले. "एक दिवस त्याले फिरू देशील का नाही?"

याच रिवाजात आणखी एक गोष्ट होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. तान्ह्या पोळ्याआधी घरोघरी नंदीला घासूनपुसून नवा रंग देतात. विटलेल्या रंगाचा नंदी गावातून फिरवणं म्हणजे पोराला फाटक्या सदऱ्यात लग्नाला नेणं. संग्रहालयातून घरी गेलेले नंदीही बहुतेक नव्या रंगात परत यायचे. त्यामुळे जुना रंग असा त्या खोलीत फारसा उरलाच नव्हता. एक नंदी सोडून.

तो बोरी अरबच्या एका पाटील कुटुंबाचा होता. कुटुंब नागपूरला गेलं, नंदी संग्रहालयात आला आणि त्याला न्यायला कुणी आलं नाही. म्हणून त्याच्या अंगावर उस्मान पेंटरचा रंग तसाच होता. उस्मान पेंटर बोरी अरबचे. दुकानांच्या पाट्या, टांगे, खाचरं, नंदी, सगळं रंगवायचे. पाट्या गेल्या, टांगे गेले. उरलं ते या नंदीच्या पाठीवरचं: मातकट झालेली लाल झूल, तिच्यावर पोपट आणि पानं, आणि इतक्या शांतपणे काढलेले डोळे की खोलीत कुठंही उभं राहिलं तरी तो आपल्याकडे पाहत नाही असं वाटायचं. तो बैल थकला होता आणि त्याला कुणाकडे पाहायचं नव्हतं.

प्रदर्शनाच्या मधोमध तोच ठेवायचा, हे मी ठरवलं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी उस्मान पेंटरच्या मुलीचा पत्ता काढला. रशीदाबी लग्न होऊन महागावला गेल्या होत्या. मुलाचं, युनूसचं, जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं, पंप दुरुस्त करायचं दुकान. सगळे त्यांना आपा म्हणायचे. सरांनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला आणि ओरडूनच सांगितलं, "आपा, उद्घाटन तुमच्या हातानं! तुमच्या अब्बाचा नंदी बीचोबीच ठेवून राह्यलो!" उद्घाटन तान्ह्या पोळ्याच्या दिवशी होतं.

त्याच्या काही दिवस आधी मी भावाच्या साखरपुड्यासाठी यवतमाळला गेले. परत आले तर अंगणातच थिनरचा वास आला. नंद्यांच्या खोलीत सगळे नंदी भिंतीला लावून रांगेत उभे होते, पांढरे, लाल, निळे, चकचकीत. सर बनियनवर होते, कोपराला सोनेरी रंग लागलेला. शिपाई किसनभाऊ स्टुलावर बसून एका शिंगाला रुपेरी देत होते. मी सरांना त्यापूर्वी किंवा त्यानंतर इतकं खुशीत पाहिलं नाही.

"पाह्य बेटा! पन्नास वर्षांचा सण, अन् आपले नंदी मळक्या कपड्यात उभे राहतीन का?"

उस्मान पेंटरचा नंदी मध्ये होता. दुधासारखा पांढरा. झूल शेंदरी, तिला सोनेरी काठ. डोळे गोल, काळे, वार्निश मारलेले. तो सरळ माझ्याकडे पाहत होता. मी हात लावला. लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं.

"सर, आधीचा रंग?"

"पुरा काढला. पॉलिश पेपरनं घासला दोन दिवस. जुन्यावर नवा बसत नाही, फुगते. याले तं मी सोता घासलं. पाहुणा आहे ना तो."

मी वाक्य जुळवलं. सर खिडकीकडे पाहत थांबले, नेहमीसारखे.

"सर, आपण तो रंगच दाखवणार होतो."

ते हसले. म्हणाले, "अवो, उस्मानभाई सोता दरवर्षी घासूनच..." आणि थांबले. त्यांनी नंदीकडे पाहिलं. मग ब्रश कपड्यानं पुसायला घेतला. ब्रश स्वच्छ झाला तरी ते पुसतच राहिले. किसनभाऊंनी स्टुलावरून उतरून डबा झाकला, झाकण नीट बसेना, तर ते तसंच हातानं दाबून धरून उभे राहिले. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. खोलीत फक्त नंदी पाहत होते, सगळे, गोल डोळ्यांनी.

सरांच्या मनात ती वस्तू म्हणजे नंदी होती. रंग म्हणजे तिचे कपडे. उस्मान पेंटरचा मान ठेवायचा म्हणून त्यांनी त्यालाच सगळ्यात जास्त घासलं होतं. एखाद्या आळशी माणसानं जुन्यावरच ब्रश फिरवला असता, तर खाली काही तरी उरलं असतं आणि कुणा जाणकाराकडून ते काढून घेता आलं असतं. मी हे सरांना सांगितलं नाही. पण त्यांनीच एकदा विचारलं, "खाली काही राह्यलं असन का?" मी नकारार्थी मान हलवली. ते म्हणाले, "नाही राह्यलं. मीच घासलं ना."

त्या दिवसानंतर सर खोकेनासे झाले. मागच्या दारानं येऊ लागले. स्वतःच्या खुर्चीवर बसायचे नाहीत, किसनभाऊंच्या स्टुलावर बसायचे, आणि किसनभाऊ बिचारे उभे. मला 'बेटा' म्हणणं बंद झालं. "मॅडम, हे इथं ठेवू का? मॅडम, चालन का?" सुतळीचा गुंडासुद्धा विचारून हलवायचे. आधी ते गमतीनं मॅडम म्हणायचे तेव्हा मला हसू यायचं. आता ते खरोखर म्हणत होते, आणि मला त्या प्रत्येक 'मॅडम'ला खोलीबाहेर जावंसं वाटायचं. माझ्या शिक्षणानं एका माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करून टाकलं होतं.

बाकीचे नंदी नेहमीप्रमाणे रंगले होते, त्यात कुणाचं काही गेलं नव्हतं. प्रश्न एकाच नंदीचा होता आणि एकाच बाईला सांगायचं होतं. "मी सोता जाऊन सांगतो," सर म्हणाले. "फोनवर सांगायची गोष्ट नाही. तुम्ही सोबत चला मॅडम. मले जमलं नाही तर..."

एसटीत ते खिडकीशी बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते वाक्य जुळवत होते. मला ते लगेच ओळखू आलं.

आपांचं घर दुकानाच्या मागेच होतं. दुकानात उघडलेल्या मोटारी आणि तांब्याच्या तारांची वेटोळी, बाहेर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक, आणि मग पडदा. आपा उंच, हाडकुळ्या, चष्म्याची एक काच जाड. "या जी सर, या. ही तुमची पोरगी?"

"नाही, मॅडम आहे," सर म्हणाले. "मोठ्या शिकलेल्या."

चहा आला, खारी आली. सरांनी कप उचलला, खाली ठेवला. म्हणाले, "आपा, एक गोष्ट..."

"थांबा, आधी माही ऐका," आपा म्हणाल्या. "तुमचा फोन आला तवापासून मले झोप नाही. त्या नंदीच्या झूलीवर, डाव्या अंगाले, खाली, एक फूल हाय. वाकडं. ते माह्या हातचं हाय."

सरांनी कप परत उचलला.

"अब्बा नमाजले गेलते. मी ब्रश उचलला अन् काढलं. मंग घाबरली ना मी! पाटलाचा नंदी! अब्बा आले, पाह्यलं, काई बोललेच नाई. पाटील नंदी न्याले आले तर अब्बा म्हणे, पाटील, ये एक फूल हमारे उस्ताद ने निकाला है." आपा हसल्या, तोंडावर ओढणी धरून. "कोणाले सांगतलं नाही मी हे. युनूसलेबी नाई. लोक हसतीन, बुढी काय सांगून राह्यली. तुमाले सांगतलं." मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "हाय ना सर ते फूल? का गेलं पुसून?"

मी सरांकडे पाहिलं नाही. कपातल्या चहाकडे पाहिलं.

"आहे ना आपा," सर म्हणाले. "कुठं जाते? बरोब्बर डाव्या अंगाले."

परत येताना गाडीत गर्दी होती. एका बाईला त्यांनी जागा दिली आणि मग आणखी एकाला जागा द्यायची असल्यासारखे दांड्याला धरून अगदी कडेला उभे राहिले.

संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. त्यांची कापसाची जिनिंग आहे आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे तोडगा आहे. त्यांना हे कळलं तेव्हा ते खो-खो हसले.

"एवढंच? अन् तुम्ही तोंड असं करून बसले! सर, नंदी तर काय झकास दिसून राह्यला. अन् ती बुढी, तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणता. तिले काय दिसते? लिहा पाटी. 'उस्मान पेंटर यांनी रंगवलेला नंदी.' झालं."

"ते खरं नाही," मी म्हटलं. या वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही.

"मॅडम," भाऊसाहेब गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही आठ महिन्यांच्या. आम्हाले इथं राहाचं आहे. तिले बोलावलं, पेपरात दिलं. आता काय म्हणता, या आपा, तुमच्या बापाचं काम आम्ही घासून टाकलं? तिचा सत्कार होऊ द्या. खूश होईन बिचारी. काय सर?"

सर स्टुलावर बसून होते. त्यांनी दौत उघडली आणि पाटी लिहिली. अक्षर नेहमीइतकंच सुंदर आलं. मला वाटतं त्याचंच त्यांना वाईट वाटलं असावं. पाटी वाळेपर्यंत ते तिच्यावर फुंकर घालत राहिले आणि मग मला न देता किसनभाऊंच्या हातात दिली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळपासून अंगणात मुलं आणि नंदी. घरोघरचे लोक आपापले नंदी न्यायला आलेले, नवा रंग पाहून खूश झालेले. "सरानं कमाल केली!" जो तो म्हणत होता, आणि सर प्रत्येक वेळी मान खाली घालत होते. लोकांना वाटलं विनय.

आपा मुलासोबत आल्या. युनूसनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, नखांत मात्र दुकानाचं काळं तसंच. आपांच्या हातून फीत कापली गेली. भाऊसाहेबांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला, भाषण केलं. मग आपा मधल्या खोलीत आल्या, नंदीसमोर.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "रंग पाय युनूस, रंग! अजून कसा ताजा हाय. हे माह्या अब्बाचं काम." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर दाराशी उभे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर.

आपा खाली वाकल्या. डाव्या अंगाच्या झुलीवरून त्यांनी बोट फिरवलं, हळूहळू, काठाकाठानं. मग जाड काच जवळ नेऊन पाहिलं. मग उठल्या आणि दुसऱ्या बाजूला गेल्या. "डावा म्हणजे त्याचा का आपला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. तिकडेही वाकल्या. परत या बाजूला आल्या. आता लोक थोडे चुळबुळायला लागले होते. युनूस म्हणाला, "अम्मी, क्या ढूंढ रही?"

"कुछ नहीं." त्या सरळ उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं. सरांकडे पाहून त्या म्हणाल्या, "माफ करा सर. बुढी झाली मी. कायच्या काय सांगतलं तुमाले. माह्याच डोक्यात कुठून आलं कोण जाणे. नसन काढलं मी कधीच."

भाऊसाहेब म्हणाले, "होते, होते. वयात होते असं."

तेव्हा सर आत आले. गर्दीतून वाट काढत आले आणि आपांसमोर उभे राहिले.

"आपा, तुमचं डोकं बराबर आहे," ते म्हणाले. "फूल होतं. डाव्याच अंगाले होतं. मी घासलं. हा रंग माहा आहे."

बाहेर मुलांचा कालवा चालूच होता.

"तुमचा?" आपा म्हणाल्या.

"सगळाच. झूल, डोळे, सगळं."

"सर, सर," भाऊसाहेब पुढे झाले. "आपा, रंग भारीतला मारला आहे बरं का..."

आपांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "तुम्ही घरी आले महागावले, तवा?"

"तवा घासून झालतं."

"मी विचारलं तुमाले."

"हो."

"मी विचारलं, हाय का ते फूल. तुम्ही म्हणाले, हाय."

"हो आपा."

मला वाटलं आपा ओरडतील, आणि त्या ओरडाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, तिची नीट घडी घातली, घडीवर नारळ ठेवला आणि शेजारी मी होते म्हणून माझ्या हातात दिला.

"मले वाटलं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "अब्बानं मले उस्ताद म्हटलंच नाही. एवढ्या वर्षांत मीच बनवलं." मग युनूसला म्हणाल्या, "चल."

सर त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, अनवाणी. युनूसनं मोटरसायकल सुरू केली, आपा मागे बसल्या. सर काही तरी बोलत होते. आपांनी ऐकलं की नाही माहीत नाही. गाडी मुलांच्या आणि नंद्यांच्या गर्दीतून वाट काढत हळूहळू गेली, त्यामुळे तिला दिसेनासं व्हायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ सर तिथं उभे राहिले. मी शाल-नारळ घेऊन खोलीच्या खिडकीशी उभी होते. ते कुठं ठेवावं हे मला कळेना.

संध्याकाळी सरांनी ती पाटी स्वतः काढली. किल्ल्या किसनभाऊंकडे दिल्या. भाऊसाहेब नंतर म्हणत होते, सरांनी उगीच तमाशा केला, गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. काही लोकांना ते पटायचं. मी माझं काम संपवलं आणि निघाले. निरोप घ्यायला सरांच्या घरी गेले तर ते घरी नव्हते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मंगळवार आहे ना. महागावले गेले."

पुढे फोनवर किसनभाऊंकडून कळलं. सर दर मंगळवारी पहिल्या गाडीनं महागावला जातात, युनूसच्या दुकानासमोर बसतात आणि दुपारच्या गाडीनं परत येतात. "आपा बाहेर येत नाई," किसनभाऊ म्हणाले. "युनूस म्हणते, सर, कायले त्रास घेता, घरी जा. सर म्हणते, तुह्या गिऱ्हाइकाले अडचण होते का? तो म्हणते, नाई. मंग बसतो, म्हणते."

त्या हिवाळ्यात मी नोकरीच्या मुलाखतीसाठी नांदेडला चालले होते. मंगळवार होता हे माझ्या लक्षातही नव्हतं. महागावला रस्त्यात सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची गाडी त्यांच्यामागे अडकली. मी बाहेर पाहिलं तर समोर युनूसचं दुकान.

सर बाकावर बसले होते. स्वेटर, मफलर, मांडीवर कापडी पिशवी. बाक चांगला तीन-चार माणसांचा होता, पण ते एका टोकाला, एक पाय बाकाबाहेर येईल असे बसले होते. पडद्याकडे त्यांची पाठ होती. आत कुणी येतं-जातं का हे पाहायचाही हक्क आपल्याला नाही, असं काहीसं त्या बसण्यात होतं. माझ्या तोंडाला स्कार्फ बांधलेला होता. तो सोडून हाक मारावी असं एकदा मनात आलं. मी तो तसाच राहू दिला.

तेवढ्यात एक शेतकरी पंपाची मोटर खांद्यावरून उतरवून दुकानात ठेवून आला आणि दम खायला बाकाकडे वळला. तो बसणार इतक्यात सर अर्धवट उठले आणि, कुणाची जागा राखून ठेवावी तसा, रिकाम्या बाकावर हात आडवा धरून त्याला काही तरी म्हणाले. त्या माणसानं बाकाच्या रिकाम्या भागाकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. मग सरांनी आपल्या टोकाची जागा त्याला दिली आणि स्वतः बाकाशेजारी उभे राहिले.

ट्रॅक्टर हलले, आमची गाडी निघाली. मी मागे वळून पाहिलं. तो माणूस कडेला बसून बिडी पेटवत होता, बाकीचा बाक रिकामा होता आणि सर उभे होते.